अवघड जागेचं दुखणं

बोरिवली गेली की विरार लोकल बऱ्यापैकी मोकळी होते. ज्या गाडीत चौथ्या सीटसाठी अंग चोरून बसायची सवय, तिथे खिडकीची जागाही मिळते. अशा वेळी एखादा माणूस रिकाम्या बाकाकडे पाठ करून उभाच राहिला, तर त्याला दाराचा वारा आवडत असेल असं समजून कुणी लक्ष देत नाही. पण बसणं हीच ज्यांना शिक्षा झाली आहे, अशी माणसं आपल्या आसपास असतात. ती ओट्याशी उभ्यानं जेवतात, ऑफिसात कपाटावर फाइल ठेवून लिहितात, नाटकाला जाणं सोडून देतात, गावी जायचं तर स्लीपर बसच शोधतात. कुणी विचारलंच तर 'पाठ दुखते' म्हणतात. पाठ दुखत नसते. दुखते ती जागा, जिचं नाव चारचौघांत घेता येत नाही.

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. पण हे दुखणं ज्यांना जडलं, त्यांना परक्या डॉक्टरपुढेही तोंड उघडवत नाही. धीर करून उघडलं, तर समोरच्याला चटकन उमगत नाही. त्यात महिने जातात, पुष्कळदा वर्षं जातात. वास्तविक या दुखण्याला नाव आहे, ते ओळखायच्या खुणा आहेत आणि उतार पडायचे मार्गही आहेत. नाव आहे प्युडेंडल न्यूरॅल्जिया: ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या एका नसेतून उठणारी, ठाण मांडून बसणारी वेदना.

ही नस डावी-उजवी अशी जोडीनं असते. माकडहाडाच्या वर कण्याचं जे त्रिकोणी हाड असतं, त्यातून बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मज्जामुळांपासून ती बनते. तिची वाट मोठी वळणाची आहे. ओटीपोटाच्या पोकळीतून ती मागे कुल्ल्यात येते, तिथल्या हाडाच्या एका टोकदार काट्याला वळसा घालते, दोन राठ अस्थिबंधांच्या मधून जाते आणि पुन्हा आत वळून एका अरुंद बोगद्यात शिरते. बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनातज्ज्ञानं १८३६ मध्ये या बोगद्याचं वर्णन केलं, म्हणून तो आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो. पुढे नसेच्या तीन फांद्या होतात. एक गुदद्वाराकडे जाते, दुसरी सिद्धासनात टाच टेकते त्या जागेकडे, तिसरी पुरुषांत शिश्नाकडे आणि स्त्रियांत शिश्निकेकडे. या भागाची बहुतेक संवेदना या नसेवर अवलंबून असते. लघवी आणि शौच रोखून धरणाऱ्या स्नायूंनाही तीच हुकूम देते. त्या दोन अस्थिबंधांच्या चिमट्यात किंवा पुढच्या बोगद्यात ती दाबली गेली, ताणली गेली किंवा आजूबाजूला चिकटली, की दुखणं सुरू होतं.

रुग्ण त्याचं वर्णन फार नेमकं करतात, फक्त ते कुणी विचारावं लागतं. आग होते. सुया टोचतात. करंट बसल्यासारखी चमक येते. आतल्या कपड्याचा स्पर्शही नकोसा होतो. काहींना गुदद्वारात काहीतरी अडकून राहिल्यासारखं, गोळ्यावर बसल्यासारखं वाटत राहतं. कुणाला शौचाला जाऊन आल्यावर ठणका लागतो, कुणाला शरीरसंबंधानंतर. सकाळी उठताना माणूस बरा असतो, दिवस चढेल तसं दुखणं चढतं आणि रात्री आडवं झालं की उतरतं. आणखी एक विलक्षण खूण आहे. खुर्चीवर ज्याला पाच मिनिटं बसवत नाही, तो कमोडवर मात्र बऱ्यापैकी आरामात बसू शकतो, कारण तिथे भार कडेला जातो आणि मधला भाग अधांतरी राहतो.

एवढं बोलकं दुखणं असून ते ओळखलं का जात नाही? कारण पहिल्या भेटीत रुग्ण अर्धंच सांगतो. 'खाली आग होते' एवढं ऐकून तपासणी सुरू होते. बाई असेल तर लघवीचं इन्फेक्शन किंवा अंगावरून जाणं, पुरुष असेल तर प्रोस्टेटची सूज, आणि दोघांच्याही बाबतीत मूळव्याध हे हाताशी असलेलं उत्तर. एसटी स्टँडच्या भिंतींवर मूळव्याध-भगंदराच्या इतक्या जाहिराती रंगवलेल्या असतात, की रुग्ण स्वतःच ते निदान घेऊन येतो. मलमं होतात, अँटिबायोटिकचे कोर्स होतात, क्वचित शस्त्रक्रियाही होते. बसल्यावर पेटणारी आग मात्र तशीच राहते. प्रोस्टेटच्या बाबतीत तर हे जगभर घडतं. प्रोस्टेटची सूज म्हणून ज्यांच्यावर उपचार होतात त्यांतल्या दहातल्या एकाकडेही खरे जंतू सापडत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९५ मध्येच जंतू नसलेल्या या दुखण्याला वेगळा वर्ग दिला. तरी अँटिबायोटिकचा पुढचा कोर्स लिहून देणं थांबलेलं नाही, आणि तो निमूटपणे घेणंही.

या नसेच्या दुखण्याला शिस्त लावली ती फ्रान्समधल्या नांत या शहरातल्या डॉक्टरांनी. तिथले न्यूरोसर्जन रॉजे रोबेर यांनी मृतदेहांच्या विच्छेदनातून ही नस नेमकी कुठे अडकते याचा छडा लावला. न्यूरॉलॉजिस्ट झां-झाक लाबा आणि इतर सहकारी त्यांच्यासोबत होते. सप्टेंबर २००६ मध्ये वेगवेगळ्या शाखांचे तज्ज्ञ नांतमध्ये जमले आणि निदानाच्या पाच अटी ठरल्या. २००८ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. आज जगभर त्या 'नांत निकष' म्हणून वापरल्या जातात.

दुखणं या नसेच्या टापूतच हवं, ही पहिली अट. नुसतं माकडहाड, कुल्ला किंवा ओटीपोट दुखत असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं. बसल्यावर दुखणं वाढायला हवं, ही दुसरी. तिसरी अट अशी, की वेदनेनं रुग्णाची झोप मोडत नाही. झोप लागायला वेळ लागेल, पण झोपेतून उठवणारी वेदना ही वेगळ्या आजाराची शंका देते. चौथी अट ऐकून रुग्ण चकित होतात: डॉक्टरांनी तपासल्यावर त्या भागाची संवेदना कमी झालेली नसावी. एवढी आग होते, मुंग्या येतात, मग बधिरपणा का नको? कारण खराखुरा बधिरपणा असेल तर बिघाड बहुधा वर, कण्यातून निघणाऱ्या मज्जामुळांपाशी असतो.

इथे जरा थांबायला हवं. मांड्यांच्या आतली बाजू, कुल्ले आणि जननेंद्रियांचा भाग अचानक बधिर होणं, लघवी अडकणं, शौचावरचा ताबा जाणं, पायांतली शक्ती कमी होणं ही लक्षणं दिसली तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जायचं. कण्याच्या तळाशी मज्जातंतूंचा जो जुडगा असतो तो दाबला गेला असेल, तर तासांचा हिशेब असतो. शौचातून किंवा लघवीतून रक्त जाणं, वजन घटणं, ताप, नव्यानं लागलेली गाठ या गोष्टीही आधी तपासून घ्यायच्या. बाईचं दुखणं पाळीच्या दिवसांत ठरावीकपणे वाढत असेल तर एन्डोमेट्रिऑसिसचा विचार व्हायलाच हवा.

पाचवी अट तपासायला सुई लागते. पेन क्लिनिकमध्ये रुग्णाला पालथं झोपवतात. कुल्ल्याची त्वचा जंतुनाशकानं पुसतात, सोनोग्राफीच्या किंवा सी-आर्म एक्स-रेच्या पडद्यावर हाडाचा तो टोकदार काटा शोधतात आणि बारीक लांब सुईनं त्याच्या शेजारी बधिरीचं औषध सोडतात. याला 'ब्लॉक' म्हणतात. खरी परीक्षा त्यानंतर असते. रुग्णाला साध्या टणक खुर्चीवर बसायला सांगतात. रोज ज्या खुर्चीची धास्ती वाटते तिच्यावर बसून त्यानं दर थोड्या वेळानं वेदनेचा आकडा सांगायचा, शून्य ते दहा. औषधाचा अंमल असेपर्यंत आकडा ठळकपणे खाली आला, तर संशय पक्का होतो. कित्येकांना अनेक महिन्यांनंतर पहिल्यांदाच बसून चहा पिता येतो. तो आराम बहुधा काही तासच टिकतो. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलेलं नसेल, तर संध्याकाळी रुग्णाचं मन पार मोडतं.

एमआरआय करतात तो मुख्यतः दुसरं काही नाही ना हे पाहायला. अडकलेली नस त्यात दिसेलच असं नाही. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे तुम्हाला काही नाही' हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. रिपोर्टचा अर्थ एवढाच, की जे शोधलं ते सापडलं नाही.

नस दुखावते कशानं? दीर्घकाळ बैठं काम, कुल्ल्यावर आपटून पडणं, जुनाट बद्धकोष्ठ आणि शौचाला कुंथणं, लांबलेलं किंवा चिमटा लावून केलेलं बाळंतपण, अंग बाहेर येण्यावरची शस्त्रक्रिया. कधी कारण सापडतही नाही. सायकलचा मात्र स्वतंत्र इतिहास आहे. जेरार अमारेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये फ्रेंच वैद्यकीय नियतकालिकात सायकलपटूंमधल्या या दुखण्याची नोंद केली, तेव्हापासून त्याचा संबंध सायकलच्या सीटशी जोडला गेला. सीटचं पुढे आलेलं निमुळतं नाक नेमकं नसेच्या वाटेवर दाब देतं. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या तक्रारी आल्या, तेव्हा तिथल्या सरकारी संस्थेनं ९० पोलिसांना सहा महिने नाक नसलेल्या सीट वापरायला दिल्या. मागच्या सहा महिन्यांत सायकल चालवताना बधिरपणा आला नाही, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्या-मुंबईत रविवारी पहाटे घाट चढायला निघणाऱ्या सायकल ग्रुपमध्ये महागड्या गिअरची चर्चा जितकी होते, तितकी सीटची व्हायला हवी. सायकलवरून उतरल्यावर खाली बधिर वाटत असेल, तर तो शरीरानं दिलेला इशारा आहे.

उपचारांचा क्रम आपल्याकडे बहुधा उलटा लागतो. सुई आणि चाकूची चौकशी आधी होते, आणि स्वस्त, साधे, पण चिकाटी मागणारे उपाय शेवटी आठवतात. सुरुवात व्हायला हवी ती नसेवरचा रोजचा भार काढण्यापासून. मधे खाच असलेली, इंग्रजी यू आकाराची उशी मेडिकल स्टोअरमध्ये किंवा ऑनलाइन मिळते. तिनं भार बैठकीच्या दोन्ही हाडांवर जातो आणि मधला भाग मोकळा राहतो. हवा भरलेली गोल रिंग पुष्कळांना सुचवली जाते, पण मधला भाग तिच्यात खाली ओढला जातो आणि काहींना उलट जास्त त्रास होतो. बसायच्या कामाची अर्धी वाटणी उभ्यानं करता आली तर उत्तम. व्यायामशाळेतली सायकल आणि खोल उठाबशा काही काळ बंद. पोट साफ राहणं हा तर उपचाराचाच भाग: इसबगोल, पुरेसं पाणी, कुंथायचं नाही. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसल्यानं आवळलेले स्नायू सैलावतात.

आवळलेले स्नायू हा या दुखण्यातला फार मोठा आणि फार दुर्लक्षित भाग आहे. वेदना झाली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आकसतात, आकसले की नसेवर दाब वाढतो, दाब वाढला की वेदना वाढते. पेल्विक फ्लोअरची फिजिओथेरपी हे चक्र मोडायला असते. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आधी पूर्ण कल्पना देते, संमती घेते आणि मग हातमोजा घालून एका बोटानं, योनीमार्गातून किंवा गुदद्वारातून, एकेक स्नायू चाचपते. एखाद्या बिंदूवर हलका दाब दिला की रुग्ण दचकून म्हणतो, 'हेच ते!' त्या बिंदूवर दाब धरून स्नायू सैल होईपर्यंत थांबायचं. आतून तपासणी नको असेल तर बाहेरूनही बरंच काम करता येतं. सोबत श्वास शिकवतात. एक हात पोटावर ठेवायचा, श्वास घेताना पोट फुगू द्यायचं आणि त्याच वेळी खालचा तळ सैल सोडायचा. सोपं वाटतं, पण सतत आकसून राहिलेल्या शरीराला हे पुन्हा शिकायला आठवडे लागतात.

म्हणूनच मोबाइलवर पाहून केगल व्यायाम करू नयेत. केगलमध्ये हेच स्नायू आवळायचे असतात. सैल पडलेल्या स्नायूंना ते उपयोगी, पण आधीच आवळलेल्यांना घातक. मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांनाही हीच खबरदारी लागू आहे. शवासन किंवा आधार घेऊन केलेलं सुप्त बद्धकोणासन पुष्कळांना मानवतं, अर्थात वेदना न वाढवता.

औषधांत साधी वेदनाशामकं इथे फारसं काम करत नाहीत, कारण इथे वेदना नसेची असते. त्यासाठी अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन ही औषधं डॉक्टर देतात. यांतली पहिली दोन नैराश्यावरचीही औषधं आहेत. चिठ्ठीवर ती पाहून 'मला वेड्यात काढलं' असं रुग्णाला वाटतं आणि गोळी पाकिटातच राहते. नसेच्या वेदनेवर ती स्वतंत्रपणे काम करतात, अमिट्रिप्टिलिन तर त्यासाठी बऱ्याच कमी मात्रेत देतात. फक्त त्यानं बद्धकोष्ठ होऊ शकतं, आणि या दुखण्यात ते परवडत नाही, म्हणून डॉक्टरांना तसं सांगून आधीच सोय करावी. ही औषधं मनानं सुरू करायची नाहीत आणि मनानं एकदम बंदही करायची नाहीत. आणखी एक गोष्ट. ओटीपोट दुखतं म्हणून सरसकट गॅबापेन्टिन देण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये ३०६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत, उघड कारण न सापडलेल्या ओटीपोटदुखीवर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. दुष्परिणाम मात्र जास्त झाले. औषधाआधी निदान लागतं ते यासाठी.

इंजेक्शनांच्या बाबतीतही असंच आहे. बधिरीच्या औषधात स्टेरॉइड मिसळण्याची पद्धत सर्रास आहे. लाबा आणि सहकाऱ्यांनीच २०१ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी घेतली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला: तीन महिन्यांनी स्टेरॉइडमुळे काही जादा फायदा दिसला नाही. ज्या केंद्रानं या दुखण्याला नाव मिळवून दिलं, त्यांनीच आपल्या प्रचलित उपचाराची अशी झडती घ्यावी, हे वैद्यकातल्या प्रामाणिकपणाचं उत्तम उदाहरण आहे. ब्लॉकला म्हणून किंमत नाही असं नव्हे. निदानासाठी तो लागतोच आणि मिळालेल्या आरामाच्या खिडकीत फिजिओथेरपी पुढे रेटता येते. पण दर महिन्याला सुई हा मार्ग नाही. याशिवाय नस न जाळता तिला विजेचे सौम्य ठोके देणारी पल्स्ड रेडिओफ्रीक्वेन्सी, आकसलेल्या स्नायूत बोटॉक्स आणि अगदी हट्टी दुखण्यात मज्जामुळांपाशी बसवायचं विद्युतयंत्र हे पर्याय काही केंद्रांत आहेत. त्यांचे पुरावे अजून मर्यादित आहेत, हे त्या केंद्रांनी रुग्णाला सांगायला हवं.

शस्त्रक्रिया सगळ्यात शेवटी. कुल्ल्यातून वाट काढून नसेला चिमटणारे ते अस्थिबंध सोडवायचे, बोगदा उघडायचा आणि नस मोकळी करायची, ही रोबेर यांची पद्धत. त्यांनी २००५ मध्ये ३२ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. वर्षभरानं शस्त्रक्रिया झालेल्यांत ७१.४ टक्के लोकांना उतार होता, न झालेल्यांत १३.३ टक्के. आकडे आशादायक आहेत, पण रुग्ण थोडे, नीट निवडलेले आणि शल्यविशारद हातखंडा असलेले होते. शिवाय उतार म्हणजे पूर्ण बरं होणं नव्हे. नस सावकाश सावरते आणि फरक कळायला कित्येक महिने जातात. असं ऑपरेशन सुचवणाऱ्या सर्जनना, आजवर तुम्ही ही विशिष्ट शस्त्रक्रिया किती केल्यात आणि वर्षभरानं त्या रुग्णांचं काय झालं, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

या दुखण्यात माणूस एकटा पडतो. नवरा-बायकोत अंतर पडतं आणि कारण कुणीच उच्चारत नाही. सुनेला सणाच्या स्वयंपाकात पाटावर बसवत नाही आणि ती सासूबाईंना खरं सांगू शकत नाही. महिनोन्महिने चाललेल्या वेदनेनं मज्जासंस्थाच हळवी होते, साधा स्पर्शही तिला वेदनेसारखा जाणवू लागतो, झोप आणि उमेद दोन्ही जातात. म्हणून समुपदेशन हाही उपचारच आहे आणि तो घेतल्यानं वेदना खोटी ठरत नाही. जगणं नकोसं वाटू लागलं तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर कधीही बोलता येतं, मराठीतही.

जायचं कुठे? मोठ्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांत भूलशास्त्र विभागाशी जोडलेली पेन ओपीडी असते. तिथून किंवा युरॉलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट यांच्याकडून सुरुवात करता येते. पेल्विक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्ट अजून मोजक्या शहरांतच आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचं शिक्षण दिलं जातं, तिथल्या विभागात चौकशी करावी. जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून न्यावं: नेमकं कुठे दुखतं, बसल्यावर किती वेळात सुरू होतं, उभं राहिल्यावर आणि कमोडवर काय होतं, रात्री झोप मोडते का, सुरुवात कशानंतर झाली. बोलायला संकोच वाटला तर तो कागद सरळ डॉक्टरांच्या पुढे ठेवावा. आणि मूळव्याधीच्या ऑपरेशनला किंवा अँटिबायोटिकच्या आणखी एका कोर्सला होकार देण्याआधी त्यांना एवढं जरूर विचारावं: 'डॉक्टर, मला बसल्यावरच दुखतं. हे नसेचं दुखणं असू शकतं का?'